जावयाचा रविवार

१२ जून २०२५, गुरुवार

अंगाची नुसती लाही लाही होते आहे, म्हणून लिहायला बसले. आमच्या घरात मराठी बोलतात अस्कीं, म्हणजे सगळेच, पण लिहिता-वाचता येतं ते मला एकटीला. माझ्या वडिलांनी पाटीवर गिरवून घेतलं होतं. त्यामुळे इथं मनातलं काय वाटेल ते लिहिलं तरी कोणी वाचणार नाही.

आज कोर्टातल्या मध्यस्थ बाईंसमोर दुसरी बैठक झाली. एका बाजूला माझी लेक नंदिता, दुसऱ्या बाजूला तिचा नवरा व्यंकटेश. बाईंनी सांगितलं, घटस्फोटाचं काय व्हायचं ते होईल, पण तोवर बापाला मुलगी भेटली पाहिजे. एक रविवार सोडून एक, संध्याकाळी चारनंतर. चारचौघांतली जागा, आणि मुलीच्या आईकडचं कोणीतरी सोबत.

मग त्या शहाण्या बाईंनी आमच्या रम्यालाच विचारलं, "कुठं भेटायचं अप्पांना?" सात वर्षांची पोर ती. म्हणाली, "बबल टी!"

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोंगलनंतर ते दुकान निघालंय. पूर्वी तिथं पितळी भांड्यांचं दुकान होतं. आता गुलाबी दिवे, काचेचं दार आणि प्लास्टिकच्या पेल्यात थंडगार चहा, त्यात साबुदाण्याचे काळे मणी. कुंभकोणमला यायचं आणि कॉफी सोडून ते प्यायचं!

नंदिता म्हणाली, "मी जाणार नाही. मज त्याचं तोंड बघायचं नाही." आमच्या ह्यांचे, सुंदरेशरावांचे, गुडघे दुखतात, आणि दुसरं म्हणजे ते जावयाला बघून विरघळतात, त्यांचा काय भरवसा? म्हणजे राहिले मी.

बरंच झालं. मी असताना तो काही चाळे करू शकणार नाही.

१५ जून, रविवार

पहिली भेट. कोइंबतूरहून आला, पण उशिरा. म्हणे पापनाशमच्या पुढं गाडी उभी राहिली. गाडीसुद्धा ह्याच्यासारखीच, मध्येच थांबते आणि बोलत नाही.

रम्या धावत जाऊन त्याच्या पोटावर आदळली. त्यानं तिला उचललं, आणि तिच्या केसांत तोंड घालून उभाच राहिला. दुकान भरलेलं, कॉलेजची पोरं बघतायत, आणि हा खांबासारखा उभा. मीच म्हटलं, "बसा आता. नाटक पुरे."

पूर्ण वेळात मला म्हणाला काय, तर "मामी, बऱ्या आहात?" आणि जाताना "येतों, मामी." मधे रम्याच बोलत होती. वर्गातल्या सौंदर्याशी भांडण, पडलेला दात, आजोबांनी शिकवलेले पाढे. आठवडाभर साठवून ठेवल्यासारखं भडाभडा सांगत होती. माझ्याशी एवढं बोलत नाही. तो फक्त मान हलवत होता आणि तिचा पेला सरळ धरत होता.

घरी आल्यावर नंदितानं विचारलं, "बारीक झालाय का?"

मी म्हटलं, "चांगला गुटगुटीत आहे."

शर्ट लोंबत होता अंगावर. पण ते तिला सांगून काय करायचं आहे?

१८ जून, बुधवार

हे आज म्हणाले, "विशालाक्षी, त्या मुलाशी जरा नीट बोलत जा."

मुलगा! चाळिशीला आला. मी ह्यांना पुन्हा एकदा सगळं सांगितलं, कारण ह्यांना विसरायची सवय आहे. गेल्या वर्षी नंदिताला पाचवा महिना होता. रक्तस्राव झाला, हॉस्पिटलात नेलं, बाळ गेलं. मी रात्रीच्या बसने कोइंबतूरला पोचले तर हा बाहेरच्या बाकावर बसलेला. डोळ्यांत पाणी नाही, तोंडातून शब्द नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसला गेला! माझी मुलगी भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि हा ऑफिसला!

तिची बॅग मीच भरली. मीच तिला आणि रम्याला इथं आणलं. तिला आडुतुरैच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळवून दिली तीही माझ्या ओळखीनं. नंतर त्याचे फोन यायचे. मी उचलायचे आणि सांगायचे, "ती बोलणार नाही." नंदिता तेव्हा नुसती झोपून असायची, तिला विचारायची गरजच नव्हती. पुढं पुढं फोन बंद झाले. बघा, किती काळजी होती ती!

हे म्हणाले, "बरं." आणि पेपर उघडला.

२९ जून, रविवार

आज त्या दुकानात भांडलेच मी.

दुकान चालवणारा सतीशकुमार म्हणून एक पोरगा आहे, नम्र आहे बिचारा. व्यंकटेश त्याला तमिळमध्ये म्हणाला, "मुलीच्या पेल्यात मणी घालू नका. लहान आहे, गिळताना अडकतील." रम्याचं तोंड एवढंसं झालं. मणी चघळायला तर पोर येते! पंधरा दिवसांतून एकदा भेटायचं, आणि भेटून पोरीचं मन मोडायचं. मी म्हटलं, "माझ्या नातीनं काय खायचं ते तू ठरवू नकोस. सतीशकुमार, घाल भरपूर."

तो काही बोलला नाही. कधी बोलतो? रम्या जाड नळीतून एकेक मणी ओढून खुदुखुदु हसत होती, आणि हा आपला पेला तसाच ठेवून तिच्या गळ्याकडे बघत बसला होता. तिनं विचारलं, "अप्पा, तुम्ही का पीत नाही?" तर म्हणतो, "तू पी. मज पुरे."

मला घरी येऊन कॉफी घेईपर्यंत काही गोड लागलं नाही.

नंदिता आज भाजी आणायला म्हणून गेली होती. रविवारी संध्याकाळी आमच्या बाजारात शिळी भाजी मिळते हे तिला इतक्या वर्षांत कळलं नाही. पिशवी रिकामीच घेऊन आली, आमच्यामागोमाग, आणि सरळ न्हाणीघरात गेली. उन्हानं डोळे लाल झाले होते.

१३ जुलै, रविवार

सगळं क्रमानं नीट लिहिते.

व्यंकटेश आज आल्या आल्या म्हणाला, "मामी, तिमाही परीक्षेनंतर सुट्टी आहे. रम्याला चार दिवस कोइंबतूरला नेऊं कां? नंदिताला विचाराल?"

एवढं लांब वाक्य तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला, आणि ते हे! मुलीला घेऊन जायचं! मग माझा तोल सुटला. टेबलाशी आम्ही मराठीतच बोलतो, आजूबाजूच्यांना कळू नये म्हणून. पण माझ्या तोंडून तमिळ बाहेर पडलं, आणि सगळ्या दुकानानं ऐकलं. "एक लेकरू तुझ्या घरात गेलं, आता हिला पण नेतोस?" असं मी ओरडले. हो, ओरडले. टेबलावर हातही आपटला. न ओरडून काय करायचं?

रम्या दचकली. तिच्या तोंडात नळी होती. आणि मग तिचा आवाजच बंद झाला. खोकला नाही, रडणं नाही. डोळे मोठे झाले आणि ओठ काळेनिळे व्हायला लागले.

मी नुसती "रम्या, रम्या" करत होते. त्यानं खुर्ची उडवली, तिला हातावर पालथं घातलं, डोकं खाली केलं आणि पाठीवर थापट्या मारल्या. जोरात. मी म्हटलं, मारतोस काय पोरीला! त्यानं ऐकलंच नाही. आणखी एक थापटी, आणि तो काळा मणी फरशीवर पडला. मग ती रडली. सतीशकुमारनं पाणी आणून दिलं.

व्यंकटेश फरशीवरच बसला होता, तिला मांडीत घेऊन, मागे-पुढे झुलत. तो काहीतरी पुटपुटत होता. मला ऐकू आलं नाही.

घरी आल्यावर नंदिताला मी सांगितलं, "बापाच्या देखत मरायची होती पोर. मण्यांचा चहा पाजतो, लक्ष नको द्यायला?" खोटं काय आहे त्यात? त्याच्या देखतच घडलं. चहाही त्याच्याच भेटीतला.

नंदिता पांढरी फटक पडली. म्हणाली, "पुरे झालं. आता भेट नाही."

मी म्हटलं, "तेच मी पहिल्यापासून सांगते आहे."

१६ जुलै, बुधवार

रम्या माझ्याजवळ झोपायला येत नाही. आजोबांच्या खोलीत चटई टाकते.

२७ जुलै, रविवार

आज भेटीचा वार होता. गेलो नाही. व्यंकटेशला वकिलाकडून कळवलं होतं तरी तो आला. सतीशकुमारनं दूधवाल्याजवळ निरोप पाठवला, "साहेब बसलेत, बेबी येणार का?" मी सांगितलं, बेबीला ताप आहे.

रम्या मागेच उभी होती. म्हणाली, "मज ताप नाही."

"गप्प बस," म्हटलं.

"आज्जी, तूं ओरडलीस म्हणून अडकलं. अप्पांनी काढलं."

माझ्यापुढं असं बोलते! बापाचंच रक्त. मी तिला आत पाठवलं. नशीब नंदिता तेव्हा गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

३ ऑगस्ट, रविवार

आज आडी पेरुक्कु, नदीच्या नव्या पाण्याच्या पूजेचा सण. नदी दुथडी भरून वाहते आहे. चिंचभात, नारळीभात, दहीभात करून आम्ही काठावर गेलो. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. नवऱ्याच्या आयुष्यासाठीचा पिवळा दोरा बांधताना मी नंदिताच्याही गळ्यात बांधला. मी मान वळवल्यावर ती गाठ चाचपून बघत होती. सैल बसली असेल.

रम्यानं चिंचभाताचा एक घास केळीच्या पानात गुंडाळून ठेवला. "कोणासाठी?" "अप्पांसाठी." आठ दिवस टिकणार आहे का तो? मी पान उचलून कावळ्यांना टाकलं. ती रडली नाही. परत येताना मात्र रिक्षात माझ्या शेजारी बसायला तयार होईना.

सगळे मिळून माझ्याच मागे लागलेत. ज्यानं काही केलं नाही त्याच्यासाठी सगळ्यांचा जीव तुटतो. आणि जिनं सगळं केलं ती वाईट.

७ ऑगस्ट, गुरुवार

मध्यस्थ बाईंची बैठक. भेटी बंद का केल्या म्हणून त्यांनी बोलावलं होतं. आम्ही तिघंच, मी, नंदिता आणि समोर व्यंकटेश. रम्या शाळेत.

तिथं सगळं तमिळमध्ये चालतं. बाई व्यंकटेशला म्हणाल्या, "तुमच्या निष्काळजीपणामुळे मुलीच्या घशात अडकलं, असं ह्यांचं म्हणणं आहे. तुमचं काय?"

मी तयारीत होते. वाटलं, आता हा माझं नाव घेणार. आता सांगणार, सासूनं मणी घालायला लावले, सासू ओरडली. मी उत्तरं पाठ करून गेले होते.

तो म्हणाला, "माझी चूक आहे. मी बघायला हवं होतं."

बस. एवढंच. आणि मान खाली.

मला काय झालं कळत नाही. तो भांडला असता तर मी भांडले असते आणि जिंकून घरी आले असते. पण त्याची ती खाली घातलेली मान बघितली आणि पायाच्या तळव्यापासून आग उठली. मी उभी राहिले आणि मराठीत सुरू झाले, आमच्या घरच्या मराठीत. तमिळ त्या वेळी आठवलंच नाही.

"तोंड नाही काय तुज? तुझी चूक कोठली? मणी नकोत म्हणून तूं सांगितलास, म्यां घालायला लाविले. म्यां ओरडलें, पोर दचकली. तूं काढलास तो मणी! तूं नसतास तर पोर गेली असती माझ्या डोळ्यांपुढं. ते सांग कीं ह्या बाईला! मुक्यासारखा काय बसतोस? तेव्हांही असाच बसलास. माझी मुलगी आत मरत होती आणि तूं बाकावर दगड होऊन बसलास. येक शब्द बोलला असतास तर ती आली असती कां माझ्यासंगें? तुझ्या ह्या गप्प बसण्यानं मोडलं घर!"

बाईंना मराठीचं एक अक्षर कळलं नाही. त्यांनी नंदिताला विचारलं, "काय म्हणाल्या तुमच्या आई?"

नंदिता माझ्याकडे बघत होती. असं तिनं माझ्याकडे कधी बघितलेलं मला आठवत नाही. मग तिनं बाईंकडे वळून सगळं तमिळमध्ये सांगितलं. एकही वाक्य सोडलं नाही. मणी घालायला लावले ते, ओरडले ते, त्यानं काढला ते. शाळेत धडा समजावून सांगावा तशा शांत आवाजात. "दगड होऊन बसलास"पर्यंत आली आणि तिचा आवाज फुटला.

मग व्यंकटेश बोलला. तोही मराठीतच, माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघून. "नर्सनं ते बाळ माझ्या हातावर ठेविलं होतं. तूं आत होतीस. एवढंसं होतं, नंदिता. नखं होती त्याला. मग त्यांनी नेलं. मज कोणाला सांगायचं कळलं नाही. दुसऱ्या दिवशी घरांत त्याचे कपडे होते, म्हणून मी ऑफिसला गेलों. तिथंही काही केलं नाही. जिन्यांत बसून होतों."

नखं होती. हे मला माहीत नव्हतं. नंदितालाही नव्हतं, तिनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते.

आणि मला इतका राग आला! एवढं पोटात ठेवून हा माणूस वर्षभर हिंडत होता? आता सांगतो? मी पिशवी उचलली आणि बाहेर पायऱ्यांवर येऊन बसले. आत ती दोघं आणि मध्यस्थ बाई. किती वेळ लागला कोण जाणे. ऊन माझ्या पायांवरून भिंतीवर गेलं होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

घरी आल्यावर नंदितानं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि मला विचारलं, "अम्मा, तूं मज म्हणालीस त्यानं मणी पाजले."

"तसंच काहीसं म्हटलं असेन."

"फोन यायचे त्याचे?"

"यायचे."

"किती दिवस?"

"मी काय मोजत बसले होते? तुला झोप लागायची नाही. तुला त्रास नको म्हणून मी..."

"मज वाटायचं त्यानं येकदाही फोन केला नाही," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडण्याला उत्तर देता येतं. ती पदरानं तोंड पुसून बाहेर गेली आणि रम्याचा गृहपाठ घ्यायला बसली.

मी हे सगळं कोणासाठी केलं? माझ्यासाठी? ह्या वयात कोर्टाच्या पायऱ्या मी हौसेनं चढते? आमचे हे दारात उभे होते. त्यांनी ऐकलं असणार. "एक तरी शब्द बोला माझ्या बाजूनं," मी म्हटलं.

ते म्हणाले, "तू खूप दमली आहेस, विशालाक्षी."

मला नको आहे असलं काही ऐकायला.

१० ऑगस्ट, रविवार

बाईंनी भेटी पुन्हा सुरू करायला लावल्या आहेत. दुपारी वेणी घालायला मी रम्याला हाक मारली, तर नंदिता म्हणाली, "मी घातली. अम्मा, आज मी जातें तिच्यासंगें. तूं घरी थांब."

"दोघी जाऊ. कोर्टानं..."

"तूं घरी थांब."

निळी साडी नेसली होती. गेल्या दोघी. मी दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. हे म्हणाले कॉफी टाकू का, मी नको म्हटलं. म्हणाले, मग बस तरी. बसले. आमच्या समोरच्या घरी कोणीतरी मोठ्यानं टीव्ही लावला होता, त्यांना जाऊन दोन शब्द सुनावले. मग दूध आणायला म्हणून निघाले. फ्रिजमध्ये दोन पिशव्या होत्या, पण पावसापाण्याचे दिवस, असलेलं बरं.

दुकानाच्या काचेतून दिसलं ते असं. रम्या खुर्चीवर गुडघे टेकून पेल्यात बघत होती. नंदिता रडत होती. चारचौघांत, गुलाबी दिव्यांखाली, पदर तोंडाला. आणि व्यंकटेश बोलत होता. हात हलवून, थांबून, पुन्हा सुरू करून, कपाळावरचा घाम पुसून बोलत होता. लग्नाच्या मांडवातसुद्धा मी त्याला एवढं बोलताना बघितलं नाही. माझ्यापुढं जीभ टाळ्याला चिकटते, आणि इथं अखंड झरा! मला आत जाऊन विचारावंसं वाटलं, हे वर्षभर कुठं ठेवलं होतंस रे?

सतीशकुमारनं मला बघून हात केला, आत या म्हणून. मी नाही गेले. दूध न घेताच परत आले.

सहाच्या सुमारास नंदिता एकटी पुढं आली. डोळे सुजलेले. मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "सुट्टीत रम्या चार दिवस कोइंबतूरला जाणार आहे. मीच सोडायला जाईन."

"आणि तू?"

"मी काहीं ठरवलं नाही. ठरवलं कीं मीच सांगेन. तुजही आणि त्यालाही. मधे कोणी सांगायचं नाही."

मधे कोणी! मी! माझ्या तोंडाशी पुष्कळ आलं होतं. पण ती आत निघून गेली, आणि दाराशी चाहूल लागली.

व्यंकटेश उभा होता. रम्या त्याच्या खांद्यावर झोपलेली, एक चप्पल पायात, एक त्याच्या हातात. उंबऱ्याच्या बाहेर, पायरीवर. आमच्या दारावर त्या वेळी पश्चिमेचं ऊन अगदी तिरपं येतं, ते सरळ पोरीच्या तोंडावर पडत होतं. त्यानं आपला पंजा तिच्या डोळ्यांवर आडवा धरला होता. हाक मारत नव्हता. घंटी वाजवत नव्हता. असा कितीही वेळ उभा राहिला असता तो, मला खात्री आहे.

मला काही सहन होईना.

"उन्हात काय उभा राहतोस पोरीला घेऊन?" मी म्हटलं. "अक्कल आहे कां? आण आत."

तो आत आला. चपला काढल्या त्या अगदी वाटेत, एक इकडं, एक तिकडं. तेही मी त्याला बोलून दाखवलं.